तळ्याकाठची सकाळ : हिवाळी पाहुणे आणि आपले आरोग्य

जानेवारीची सकाळ. सोलापूर-धुळे महामार्गावर चौसाळ्याच्या चहाच्या टपऱ्या नुकत्या उघडल्या आहेत. कानाला मफलर गुंडाळून माणसे शेकोटीभोवती बसली आहेत. रस्ता सोडून ज्वारीच्या रानातल्या पायवाटेने पाझर तलावाच्या बांधावर गेले, की मात्र वेगळीच वर्दळ दिसते. धुके विरत असते, उथळ पाण्यात लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे चालत असतात आणि पाण्याच्या मधोमध काळ्या ठिपक्यांचा एक पुंजका डोलत असतो. हे ठिपके म्हणजे वारकरी. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून गावाने त्यांना दिलेले हे नाव.

यातले काही पक्षी बारमाही इथलेच आहेत. काही मात्र हिमालय ओलांडून आले आहेत आणि मार्चअखेर परत निघतील. ते पाहायला फार दूर जावे लागत नाही.

कोरड्या मुलखातले पाणी

बीड जिल्ह्याची ओळख दुष्काळाची. बालाघाटच्या डोंगररांगांत पाटोदा तालुक्यातल्या गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते आणि पुढे काही अंतर बीड-धाराशिवची हद्द आखत वाहते. तिच्यावरचे धनेगावचे धरण २०१६ च्या उन्हाळ्यात आटले, तेव्हा लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा मुलखात पाझर तलाव, साठवण तलाव, गावतळी ही माणसांची गरज. पण ज्या पठारावर नैसर्गिक सरोवरे नाहीत, तिथे हीच तळी पक्ष्यांसाठीही पाणथळ जागा झाली.

चौसाळ्याहून बीडकडे जाताना मांजरसुंब्याचा घाट उतरला, की पालीजवळ बिंदुसरा प्रकल्पाचे पाणी लागते. पश्चिमेला पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. ते १९९४ साली जाहीर झाले. उत्तरेला गोदावरीवर पैठणचा नाथसागर आहे. हे धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचे होते. जागा बदलली, नाव मात्र तेच राहिले. १९८६ पासून तो जलाशय पक्षी अभयारण्य आहे. मोठे थवे तिथे उतरतात. पण मोठ्या जलाशयांच्या दरम्यान विखुरलेली लहान तळी या थव्यांच्या विसाव्याची ठिकाणे असतात, हे सहसा लक्षात येत नाही.

पाणी एक, ताटे अनेक

तळे नीट पाहिले तर प्रत्येक पक्ष्याची जागा ठरलेली दिसते. खोल पाण्यात वारकरी आणि टिबुकल्या बुड्या मारतात. गुडघाभर पाण्यात थापट्या बदक फावड्यासारखी चोच पाण्याच्या पृष्ठभागावरून फिरवत जाते. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात असतात, त्यातून पाणी गाळून ते किडे आणि बिया खाते. तलवार बदक शेपूट वर करून पाण्यात उलटे होते आणि तळाचा चारा काढते. चिखलाच्या काठावर तुतवार टोचत फिरतात, तर ओल्या गवतात परीट शेपटी वरखाली करत धावतो. पाणी जसजसे उतरते, तसतसा नवा चिखल उघडा पडतो आणि चिखलात टोचणाऱ्यांची संख्या वाढते.

पाण्यापासून थोडे लांब माळावर गेले की भोवत्या दिसतो. हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत घिरट्या घालतो, नाकतोडे आणि उंदीर टिपतो आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतो. माळरान पडीक समजून नांगरले की त्याची झोपायची जागा जाते.

आणि भोरड्या. हुरड्याच्या दिवसांत त्यांचा थवा ज्वारीवर उतरला की माळ्यावरची गोफण फिरू लागते. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. कणसात दाणा भरत असताना थवा शेताचे नुकसान करतो. पण मध्य आशियात पिल्ले वाढवणारा हाच पक्षी टोळ आणि नाकतोड्यांचा मोठा भक्षक आहे आणि इथेही तो किडे खातो. पळस फुलला की तोच फुलांतला मध पिताना दिसतो, म्हणून त्याचे दुसरे नाव पळसमैना. त्यामुळे एका शब्दात त्याला शत्रू किंवा मित्र म्हणता येत नाही.

हिमालय ओलांडणारे फुप्फुस

मोठ्या तळ्यांवर कधी डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखाडी हंस दिसतो. तो पट्टकदंब. मंगोलिया, तिबेट आणि लडाखच्या सरोवरांकाठी तो पिल्ले वाढवतो आणि हिवाळ्यात भारतात उतरतो. तो एव्हरेस्टवरून उडतो, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शास्त्रज्ञांनी या हंसांच्या अंगावर यंत्रे बसवून माग काढला, तेव्हा सर्वाधिक उंची सुमारे ७,२९० मीटर नोंदली गेली. एव्हरेस्ट ८,८४८ मीटर आहे. कथा थोडी खाली आली, तरी आश्चर्य कमी झाले नाही. त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो.

हे जमते कसे? या हंसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडते. फुप्फुसे मोठी असतात, आणि पक्ष्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत असल्याने प्रत्येक श्वासातून जास्त प्राणवायू मिळतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. हा हंस सतत उंचावर राहत नाही. डोंगराच्या चढउतारानुसार तोही वरखाली होतो, कारण विरळ हवेत पंख मारणे फार महाग पडते. रात्री आणि पहाटे हवा थंड आणि दाट असते, म्हणून अवघड टप्पे तो बहुधा तेव्हाच पार करतो.

निघायची वेळ त्याला दिवसाची लांबी सांगते. दिवस लहान होऊ लागला की शरीरातली संप्रेरके बदलतात, भूक वाढते आणि प्रवासाला लागणारी चरबी साठते. वाट शोधायला सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कामी येते.

पक्ष्यांच्या पायातले वाळे

भारतात स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू झाला तो एका आरोग्याच्या प्रश्नातून. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडतापाची साथ आढळली. त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूशी मिळताजुळता होता. मग स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरून गोचिडी येत असतील का, ही शंका निघाली. त्यातून १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची वाळी घालण्याचा प्रकल्प हाती घेतला. कोणता पक्षी कुठून येतो, याची भारतातली बरीच माहिती या वाळ्यांनी दिली.

आज तीच शंका बर्ड फ्लूच्या निमित्ताने येते. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, बीड जिल्ह्यातल्या मृत कावळ्यांतही हा विषाणू सापडला. रानपक्षी हा विषाणू वाहून नेऊ शकतात, हे खरे. पण लांबून दुर्बिणीने पक्षी पाहणाऱ्याला धोका नगण्य असतो. माणसाला लागण झालीच तर ती बहुधा आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांना हात लावल्याने होते. म्हणून नियम साधा आहे. मेलेला पक्षी दिसला तर उचलू नये, मुलांना आणि कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नये आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. परसातल्या कोंबड्या तळ्यावर सोडू नयेत. अंडी आणि मांस नीट शिजवले, तर ७० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत हा विषाणू मरतो.

पाहणाऱ्याला काय मिळते?

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १,२९२ जणांच्या मोबाइलवरच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षी दिसला किंवा ऐकू आला, की लोकांना बरे वाटत होते आणि हा परिणाम आठ तासांपर्यंत टिकत होता. नैराश्याचे निदान झालेल्यांतही तो आढळला. हा औषधाला पर्याय नव्हे, पण औषधासोबत चालणारी, बिनखर्चाची सवय नक्कीच आहे. शिवाय बांधावरून तासभर फिरले की चालणेही आपोआप होते. ज्यांना नुसते 'रोज चाला' सांगून जमत नाही, त्यांना पक्षी हे निमित्त पुरते.

सुरुवातीला वही, पेन्सिल आणि शक्य असल्यास आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण एवढे पुरे. सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर उभे राहावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि रंग स्पष्ट दिसतात. कपडे मातकट रंगाचे असावेत. थव्याच्या दिशेने चालत जाऊ नये. फोटोसाठी उडवलेला थवा प्रवासासाठी साठवलेली चरबी वाया घालवतो. दम्याच्या रुग्णांनी नाका-तोंडावर रुमाल बांधून, ऊन थोडे वर आल्यावर निघावे. मधुमेहींनी अनवाणी चिखलात उतरू नये.

नोंद ठेवणारे गाव

या तळ्यांपुढचे प्रश्न लहान वाटतात, पण दरवर्षी वाढतात. सोडून दिलेल्या जाळ्यांत आणि संक्रांतीच्या मांजात पाय-पंख अडकतात. पाणी उतरताच थेट काठापर्यंत गाळपेर होते आणि फवारणीचे औषध तळ्यात उतरते. जे औषध बदकाच्या चाऱ्यात जाते, तेच तळ्यावर पाणी पिणाऱ्या गुराच्या पोटातही जाते, आणि तळ्याखालच्या विहिरींनाही तेच पाणी पाझरते. त्यामुळे काठाची काही हात जागा न पेरता ठेवणे, हे पक्ष्यांइतकेच गावाच्याही हिताचे आहे.

अरण्यऋषी मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. गावातल्या शाळेने दर हिवाळ्यात आपल्या एका तळ्यावरचे पक्षी मोजून तारखेसह वहीत लिहिले, तर दहा वर्षांत ती वही पाण्याचा आणि पावसाचा इतिहास सांगू लागेल. वारकरी यंदा कधी आले, किती आले आणि कधी गेले, एवढे लिहायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. फक्त सकाळी लवकर उठून बांधावर जावे लागते.