हरभऱ्यावरील मर रोग : बुरशीच्या उत्क्रांतीचा प्रश्न

देवणी परिसरात रब्बी हंगामात घेतल्या जाणाऱ्या हरभऱ्याचा प्रमुख शत्रू म्हणजे मर रोग होय. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी मुळावाटे शिरते. झाड उभेच वाळते व खोड चिरल्यास आतील जलवाहिन्या काळपट दिसतात. हवारे व नेने यांनी १९८२ मध्ये भारतात तिचे चार वंश नोंदविले. त्यामुळे एका ठिकाणी तग धरणारे वाण दुसरीकडे बळी पडू शकते. या बुरशीत लैंगिक प्रजनन आढळलेले नाही. मग नवी रोगक्षमता येते कोठून? टोमॅटोवरील मर रोगाच्या २०१० मधील अभ्यासात याच प्रजातीचे एक अख्खे गुणसूत्र निरुपद्रवी बुरशीत संक्रमित होऊन ती रोगकारक बनली. हरभऱ्याबाबत तेच गृहीत धरणे घाईचे होईल. मात्र पीक नसतानाही ही बुरशी जमिनीत सहा वर्षे टिकते, म्हणून दोन वर्षांची फेरपालट अपुरी ठरते.