फ्रान्सिस बेकन : शहाणा माणूस कुठे चुकला?

'ज्ञान हीच शक्ती' हे वाक्य आपल्या मुलांनी शाळेच्या भिंतीवर कधी ना कधी वाचलेले असते. ते फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्वज्ञाच्या नावावर सांगितले जाते. आपल्या वडोदऱ्यात त्याचा अर्थ समजवायला फार लांब जावे लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पुढे १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून वाचनालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. ज्ञान लोकांच्या उपयोगी पडावे, हाच बेकनचाही आग्रह होता.

बेकनचा जन्म १५६१ मध्ये लंडनला झाला. वडील राणी एलिझाबेथच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर होते. बाराव्या वर्षी तो केंब्रिजला गेला, पण तिथले जुन्या ग्रंथांभोवती फिरणारे शिक्षण त्याला निष्फळ वाटले. १६२० च्या 'नोव्हम ऑर्गॅनम' या ग्रंथात त्याने वेगळी वाट सांगितली : आधी निरीक्षण आणि प्रयोग, मग नियम. विरुद्ध जाणारी उदाहरणेही मोजायची. नवस बोलून वादळातून वाचलेल्या खलाशांची चित्रे देवळात लावली होती. ती पाहून एकाने विचारले, नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत? ही जुनी गोष्ट बेकनने तिथे सांगितली आहे. आपण आपल्या घरातही हा प्रश्न विचारून पाहावा.

मनाला फसवणाऱ्या भ्रमांना तो 'मूर्ती' म्हणे. त्याने त्या चार प्रकारच्या सांगितल्या. त्यातली बाजारातली मूर्ती म्हणजे शब्दांची फसवणूक. सुभानपुऱ्यात नव्या आलेल्या सुनेला शेजारच्या बेन 'नवरा छो?' असे विचारतात, तेव्हा ती दचकते. गुजरातीत त्याचा अर्थ फक्त 'मोकळे आहात का?' एवढाच, हे कळल्यावर दोघी हसतात. पण शब्दांचा घोळ नेहमी असा हसण्यावारी जात नाही.

बेकनचेच पाहा. १६१८ मध्ये तो लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे देशाचा मोठा न्यायाधीश झाला. १६२१ मध्ये पार्लमेंटने त्याच्यावर पक्षकारांकडून पैसे घेतल्याचा आरोप ठेवला. त्याने तो कबूल केला, मात्र त्यामुळे आपला निकाल कधी फिरला नाही असे त्याचे म्हणणे होते. अशा भेटी घेणे तेव्हा रूढच होते, असे सांगून काही अभ्यासक त्याची बाजू घेतात. मला ते पुरेसे वाटत नाही. एकाच पाकिटाला घेणारा भेट म्हणतो आणि बाहेरचा लाच. शब्द कसे फसवतात हे सांगणारा माणूसच इथे फसला. ४०,००० पौंड दंड, काही दिवस टॉवरची कैद आणि सरकारी पदांना कायमची बंदी अशी शिक्षा झाली. दंड पुढे राजाने माफ केला.

१६२६ मध्ये तो वारला. शेवटची पाच वर्षे त्याने लिहिण्यात घालवली. १६२५ मध्ये त्याच्या निबंधांची ५८ निबंध असलेली आवृत्ती निघाली. न्यायाधीशाने कसे वागावे यावरचा १६१२ सालचा निबंध त्याने तिच्यातून काढला नाही.