संवेदक कोठे पुरावेत?

कॅलिफोर्नियातील महामार्गांवर अमुक ठिकाणी पोहोचायला किती मिनिटे लागतील, हे सांगणारे विद्युत फलक असतात. बऱ्याच फलकांमागे रस्त्यात पुरलेल्या संवेदकांची आकडेमोड असते. संवेदक मोजतो वेग, तोही एकाच जागेवरचा; प्रवाशाला हवी असते संपूर्ण अंतराची वेळ. ही दरी कशी भरून काढतात ते पाहू.

सर्वांत रुळलेला संवेदक म्हणजे रस्त्याच्या पृष्ठभागात खाच पाडून बसवलेले तारेचे वेटोळे. त्यातून उच्च वारंवारतेची प्रत्यावर्ती विद्युतधारा वाहत असते. वर गाडी आली की काय होईल, असे वर्गात विचारले तर विद्यार्थी म्हणतील, "लोखंड जवळ आले, चुंबकीय क्षेत्र वाढेल." प्रत्यक्षात उलट घडते. गाडीच्या धातूत भोवऱ्यासारख्या विद्युतधारा निर्माण होतात, त्या मूळ क्षेत्राला विरोध करतात आणि परिपथाची वारंवारता थोडी वाढते. म्हणूनच लोखंड नसलेली, ॲल्युमिनियमच्या चाकांची सायकलही वेटोळ्याला कळू शकते. दोन वेटोळी 5 मीटर अंतरावर असतील आणि गाडीने ते अंतर पाव सेकंदात कापले, तर वेग सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर.

आता फळ्यावर 12 किलोमीटरचा रस्ता काढा. 2, 6 आणि 10 किलोमीटरवर एकेक संवेदक आहे. नेहमीची रीत अशी, की प्रत्येक संवेदकाचा वेग शेजारच्या संवेदकाच्या अर्ध्या वाटेपर्यंत लागू धरायचा. येथे प्रत्येकाच्या वाट्याला 4 किलोमीटर येतात. सगळीकडे ताशी 80 चा वेग असेल तर वेळ 9 मिनिटे.

समजा, 9 व्या किलोमीटरला बाजूचा रस्ता येऊन मिळतो व तेथे वाहने तुंबतात. तुंबलेल्या रांगेचे तोंड त्याच जागी राहते, शेपूट मात्र मागे मागे वाढत जाते. रांग 2 किलोमीटरची झाली आणि तिच्यातील वेग ताशी 20 असला, तर खरी वेळ साडेतेरा मिनिटे होते. पण रांग 7 ते 9 किलोमीटरच्या दरम्यान आहे आणि तेथे संवेदकच नाही! फलक 9 मिनिटेच दाखवत राहतो. शेपूट 6 व्या किलोमीटरवर पोहोचताच फलक एकदम 18 वर उडी घेतो, खरी वेळ तेव्हा 16 च्या आतच असते.

(जाता जाता: 80, 20 आणि 80 यांची सरासरी 60 काढून कोणी 12 मिनिटे असे उत्तर देईल. सारख्या अंतरांसाठी हरात्मक सरासरी घ्यावी लागते. ती येते 40.)

तेच तीन संवेदक 6, 8 आणि 10 वर हलवले तर? 2 किलोमीटरची रांग असताना उत्तर बरोबर साडेतेरा मिनिटे येते. मधला संवेदक रांग पकडतो, शेवटचा ती संपल्याचे सांगतो. पण रांग 6 च्या मागे गेली की पहिल्या संवेदकाच्या वाट्याचे सातही किलोमीटर तुंबलेले धरले जातात, आणि फलक 29 मिनिटांच्या वर जातो! सारख्या अंतरावर संवेदक पुरणे सोपे खरे, पण माझ्या मते आधी त्या रस्त्याच्या खोडी कळायला हव्यात: गाड्या कोठे अडतात आणि रांग साधारण कोठवर जाते. त्यासाठी अनेक दिवसांच्या नोंदी लागतात. शिवाय वेटोळे बसवायचे म्हणजे मार्गिका बंद करून रस्ता कापणे आलेच.

रस्ता न कापता हे जमेल का? 8 फेब्रुवारी 2008 रोजी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने व नोकियाने हेवर्ड ते फ्रीमाँट यांमधील महामार्गावर 100 मोटारी दिवसभर फिरवल्या. प्रत्येकीत उपग्रहांवरून आपले स्थान ओळखणारा फोन होता. वाहतुकीत या मोटारींचे प्रमाण जेमतेम 2 ते 5 टक्के होते, तरी रस्त्यावरील वेगाचे चित्र त्यांतून चांगले उभे राहिले. येथे संवेदकच गाडीबरोबर रांगेत शिरतो, त्यामुळे कोठे पुरावा हा प्रश्न उरत नाही. मात्र रस्त्यावर एकूण किती वाहने आहेत, हे त्या थोड्या फोनांवरून थेट मोजता येत नाही. मोजणीला अजूनही वेटोळी उपयोगी पडतात.