मागचे शॉकअप: स्प्रिंग, तेल आणि टेप

क्लासिक ३५० वर दोघं बसले, दोन्ही बाजूंना सॅडलबॅगा अडकवल्या आणि कॅरिअरवर तंबू-पथारी बांधली, की गाडीचा तोलच बदलतो. मागे बसणाऱ्याचं आणि सामानाचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर येतं. चाकाच्या आसाच्याही मागे बांधलेलं सामान तर पुढचं चाक हलकं करून मागे जास्तीचा भार टाकतं. हा सगळा बोजा दोन शॉकअपवर असतो. मग घाटात वळणावर गाडी डुलायला लागते, स्पीडब्रेकरवर आपटायला लागते, आणि आपण म्हणतो, "शॉकअप गेले." गेले असतीलही. पण त्यातलं नेमकं काय गेलं हे कळल्याशिवाय घेतलेली नवी जोडी कितीही महाग असली, तरी पुन्हा तोच त्रास देऊ शकते.

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं चालतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते आणि आतलं तेल त्या स्प्रिंगला आवरतं. बँकेच्या दाराला वर बसवलेला डोअर क्लोजर आठवा: दार ओढून घेते ती स्प्रिंग, आणि ते धाडकन आपटू देत नाही ते तेल. शॉकअपच्या नळीत दांड्याच्या टोकाला पिस्टन असतो. त्याला बारीक भोकं आणि पातळ झडपा असतात. चाक खड्ड्यातून वरखाली झालं, की तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, आणि धक्क्याची ताकद उष्णतेत जिरते. खराब रस्त्यावर बराच वेळ चालवून थांबलात, की सायलेन्सरपासून हात सांभाळून दोन्ही शॉकअपच्या नळ्यांना स्पर्श करा. दोन्ही सारख्याच उबदार लागायला हव्यात. एक गरम आणि दुसरी थंड असेल, तर थंड असलेल्या शॉकअपमधलं तेल कामच करत नाहीये. गॅरेजमध्ये न जाता करता येणारी ही फार चांगली तपासणी आहे.

तेलाबरोबर नळीत थोडा वायूही असावा लागतो, कारण दांडा आत शिरला की त्याला जागा हवी. २०२१ साली आलेल्या क्लासिकच्या शॉकअपमध्ये तेल आणि वायू एकाच ठिकाणी असतात; याला इमल्शन प्रकार म्हणतात. सतत दणके बसले की तेलाचा फेस होतो, फेस भोकांतून सहज निसटतो आणि शॉकअप तात्पुरता सैल पडतो. महागड्या शॉकअपना बाजूला छोटा डबा असतो. त्यात दाबाखालचा नायट्रोजन तेलापासून वेगळा ठेवलेला असतो, म्हणून फेस लवकर होत नाही. हा डबा घरी कधीही उघडू नका. त्या दाबाने उडालेला भाग डोळा फोडू शकतो.

स्प्रिंग आणि तेलाच्या या जोडीचा आणि बुलेटचा संबंध जुना आहे. १९४९ साली बाजारात आलेल्या बुलेटला मागे चिमटा (मागचं चाक धरून वरखाली हलणारा स्विंगआर्म) आणि तेलाचे शॉकअप होते, तेही पुष्कळशा मोटरसायकलींचं मागचं चाक चासीला थेट जखडलेलं असण्याच्या काळात. आपल्याकडे गॅब्रिएल इंडियाने १९६१ साली मुंबईत सुरुवात केली, आणि वाळूजच्या एन्ड्युरन्सचे शॉकअप आज देशभरच्या दुचाकींवर आहेत. त्यामुळे या कामाची जाण असलेला मिस्त्री महाराष्ट्रात शोधायला लांब जावं लागत नाही.

आता तपासणी. दांड्यावर आणि नळीच्या तोंडाशी तेलाचा ओलावा, त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर सील गेलं. गाडी सरळ धरून सीटचा मागचा भाग जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा उसळत राहिली तर तेलाचं काम संपलं. 'खट्' असा कोरडा आवाज येत असेल तर आधी बुश पाहा. झिजलेले रबरी बुश बदलायला फार पैसे लागत नाहीत, आणि कित्येकदा तेवढ्याने भागतं.

यानंतर टेप घ्या. सर्वात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं ठाम मत आहे, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. गाडी डबल स्टँडवर लावा म्हणजे मागचं चाक अधांतरी लोंबेल. चाकाच्या आसाच्या बरोबर वर, मडगार्डवर चिकटपट्टीने खूण करा आणि आसापासून खुणेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ५६० मिलिमीटर आलं. आता गाडी स्टँडवरून काढा, प्रवासाचं सगळं सामान लावा, हेल्मेट-जॅकेट घालून दोघंही बसा आणि तिसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. ५१५ आलं, तर गाडी ४५ मिलिमीटर खाली बसली. याला सॅग म्हणतात. जुन्या, म्हणजे २०२१ च्या आधीच्या, क्लासिकच्या शॉकअपची चाल ८० मिलिमीटर आहे. म्हणजे रस्त्याला लागण्याआधीच निम्म्याहून जास्त चाल संपली, आणि खड्ड्यासाठी उरले फक्त ३५. गाडी आपटणारच! एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे इथे २५ ते ३० मिलिमीटर सॅग असावा.

सॅग जास्त आला की शॉकअपच्या खाचा, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची हे ठरवणाऱ्या पायऱ्या, फिरवून पाहायच्या. जुन्या क्लासिकला पाच खाचा आहेत, नव्या क्लासिकला सहा. खाच वाढवली की शॉकअप 'हार्ड' होतो, असं सर्रास म्हटलं जातं. तसं होत नाही. समजा एक मिलिमीटर दबायला दोन किलो लागणारी स्प्रिंग आहे. खाचा फिरवून ती पाच मिलिमीटर आधीच दाबून ठेवली, तर पहिल्या दहा किलोंना ती हलणार नाही. पण त्यापुढे प्रत्येक मिलिमीटरला दोनच किलो लागतील. म्हणजे खाचेने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगची ताकद नाही. म्हणून शेवटच्या खाचेवरही सॅग ४० च्या आसपास राहत असेल, तर तुमच्या ओझ्याला स्प्रिंगच नरम पडते आहे. उलट सॅग बरोबर येत असेल आणि गाडी तरी उसळत असेल, तर स्प्रिंग ठीक आहे, तेल गेलंय. नवी जोडी घेताना दुकानदाराला हेच सांगायचं: माझं वजन इतकं, मागच्याचं इतकं, सामान इतकं. ज्या दुकानात हे विचारत नाहीत आणि नुसता रंग विचारतात, तिथून शॉकअप घेऊ नयेत.

बाकी निवड सोपी आहे. वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंतची लांबी मूळ शॉकअपइतकीच हवी. लांब शॉकअपने मागची बाजू उचलली जाते, चेनचा कोन बदलतो आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. बुशचं भोक आणि रुंदीही जुळायला हवी. आणि एकच शॉकअप कधीही बदलू नका. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असला की चिमट्याला पीळ बसतो.

बसवण्याचं काम दोन शॉकअपच्या गाड्यांना घरी जमतं. (हिमालयनसारख्या एकाच शॉकअपच्या गाड्यांची रचना वेगळी आहे, ते काम गॅरेजवर सोपवा.) गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या. सामानाचं कॅरिअर बरेचदा शॉकअपच्या वरच्याच नटवर कसलेलं असतं, ते आधी सोडवा. मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा आणि पातळ पाचर सरकवा, म्हणजे चिमट्याचं वजन बोल्टवर राहणार नाही. वॉशर कोणत्या क्रमाने आहेत याचा फोटो काढा. एका वेळी एकाच बाजूचा शॉकअप सोडवा. दुसरा चिमट्याला जागेवर धरून ठेवतो. बोल्ट अडला तर हातोडा उचलू नका. पाचर थोडी आतबाहेर करा. चाक दोन-तीन मिलिमीटर वरखाली झालं की बोल्ट हाताने फिरू लागतो. भोकं जुळवतानाही हीच पाचर उपयोगी पडते.

वरचा आणि खालचा खुंट पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात द्या. इमल्शन शॉकअप उलटा बसवायचा नसतो. डबा असलेला शॉकअप घेतला असेल तर डबा चेनला, चिमट्याला किंवा सॅडलबॅगेला लागत नाही ना, हे चाक वरखाली करून बघा. नट आधी नुसते बसवून घ्या. गाडी स्टँडवरून उतरवून वर कुणाला तरी बसवा, आणि मगच टॉर्क पान्याने सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे कसा. लोंबत्या चाकावर कसलं तर गाडी खाली बसताच बुशचं रबर पिळलं जातं आणि ते लवकर फाटतं.

मग सीट दहा-बारा वेळा दाबा, म्हणजे शॉकअप खोक्यात आडवा पडून राहिल्याने तेलात मिसळलेला वायू वर निघून जाईल. पुन्हा सॅग मोजा आणि खाच ठरवा. दोन्ही बाजूंची खाच एकच हवी. मागची उंची बदलली असेल तर चेनची ढिलाई आणि हेडलाइटचा झोत तपासा. घाटात डबल सीट जाण्याआधी एकट्याने ओळखीच्या रस्त्यावर गाडी फिरवून आणा, आणि परत आल्यावर चारही नटांवर पुन्हा एकदा पाना लावून बघा.