ताज्या गोंदणाची निगा

गोंदणे ही आपल्या मुलखाला नवी गोष्ट नव्हे. अंबरनाथ-बदलापूरभोवतीच्या पाड्यांवरील वयस्क ठाकर आणि कातकरी स्त्रियांच्या कपाळावर, हातांवर हिरवट गोंदण आजही दिसते. खेड्यातल्या आजीच्या मनगटावर तुळस गोंदलेली असे, तेव्हा कोणी भुवया उंचावत नसे. आता फरक इतकाच की, गोंदणारणीच्या सुयांची जागा विजेवर चालणाऱ्या यंत्राने घेतली आहे, आणि आपल्या व्यापारी घरांतील मुलेमुलीही टॅटू काढून घेऊ लागली आहेत. पुष्कळदा घरी न सांगता.

टॅटू काढावा की काढू नये, हा ज्या-त्या घरचा विषय आहे आणि त्याविषयी वडीलधाऱ्यांची मते ठाम असतात. परंतु एकदा तो काढून झाला की त्याक्षणी घरात प्रश्न संस्कारांचा नसतो, जखमेचा असतो. बाबांना कळू नये म्हणून ऐन वैशाखात पूर्ण बाह्यांचा घट्ट शर्ट घालणारा मुलगा, सासूबाई पाहतील म्हणून न्हाणीघरात घाईघाईने पाणी ओतून घेणारी सून, अंगात कणकण असूनही दुकानात गल्ल्यावर बसून राहणारा तरुण, या सर्वांची जखम लपवण्यामुळे चिघळते, शाईमुळे क्वचितच. म्हणून घरातील वडील मंडळींना नम्र विनंती: रागवायचे असेल तर अवश्य रागवावे, पण ते महिनाभराने. आधी हात पाहावा.

यंत्राची सुई त्वचेच्या वरच्या थराखाली, सुमारे एक ते दोन मिलिमीटर खोल शाई सोडते. असे हजारो सूक्ष्म टोचे एका तळहाताएवढ्या जागेत बसतात. शरीर त्या शाईला परका पदार्थ समजते आणि संरक्षक पेशी तिचे कण गिळून जागच्या जागी बसून राहतात. त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. गोंदण जन्मभर टिकते ते असे. वरचा थर मात्र साध्या खरचटण्यासारखा भरून येतो. त्याला दोन ते चार आठवडे लागतात, आतील थर पूर्ववत व्हायला काही महिने. वरून चित्र सुंदर दिसू लागले म्हणजे काम संपले, असा समज त्यामुळेच फसवा ठरतो.

पहिले दोन-तीन दिवस जागा लाल, गरम आणि किंचित सुजलेली राहते. पाण्यासारखा स्राव व जादा शाई पाझरते. हे स्वाभाविक आहे. कलावंताने बांधलेले वेष्टन त्याने सांगितलेल्या वेळी काढावे. पारदर्शक चिकटपट्टी लावली असेल आणि घामाने तिच्या कडा सुटल्या, तर ती तशीच दाबून ठेवू नये, काढून टाकावी. आधी साबणाने हात धुवावेत, मग कोमट पाण्याने व बिनवासाच्या सौम्य साबणाने जागा बोटांच्या पेरांनी हलकेच धुवावी. स्पंज नको, घासणी नको. स्वच्छ मऊ कापडाने टिपून कोरडी करावी, चोळू नये. घरातील सर्वांचा एकच पंचा असेल तर तो येथे वापरू नये.

आपल्या घरांत उकळून गाळलेले पाणी बहुधा तयार असते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की तेच निववून जखमेसाठी वापरावे. जे पाणी पिण्यासाठी आपण इतक्या काळजीने सिद्ध करतो, ते जखमेलाही मानवते.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून खाज सुटते आणि पातळ रंगीत पापुद्रे निघू लागतात. खरी परीक्षा येथे आहे. पापुद्रा नखाने ओढला की खालची शाईही निघते आणि चित्रात पांढरा ठिपका राहतो, क्वचित व्रणही. खाज असह्य झाली तर तळहाताने हलके थोपटावे किंवा गार ओले कापड क्षणभर ठेवावे. आजीबाईच्या बटव्यातील हळद येथे बाजूलाच राहू द्यावी. डब्यातील हळद निर्जंतुक नसते आणि तिचे कण ओल्या जखमेत अडकतात. चुना आणि टूथपेस्ट यांचे तर नावच नको. औषधांच्या दुकानातून आपणहून आणलेले, गजकर्णावरचे स्टेरॉइडमिश्रित मलम लावण्याची सवय आपल्याकडे फार पसरली आहे. त्याने खाज थांबते, पण जखम भरणे मंदावते आणि जंतूंना मोकळे रान मिळते.

मग लावायचे काय? याविषयी त्वचारोगतज्ज्ञांतही मतभेद आहेत. काही जण पहिल्या दिवसांत पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर सुचवतात, तर काही जण पाण्याचा अंश असलेले बिनसुगंधी लोशनच योग्य मानतात. आपल्या दमट हवेत दुसरा पर्याय मला अधिक सोयीचा वाटतो. जाड थराखाली घाम कोंडतो. दिवसातून दोन-तीन वेळा, त्वचा चकाकणार नाही इतकेच लावावे.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांनी येथे थोडे थांबून डबीवरील घटक वाचावेत. टॅटूसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मलमांत मधमाश्यांचे मेण असते, कशात मध असतो, तर कशात लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतील चरबी असते. ग्लिसरीन वनस्पतीचे किंवा प्राणिज, दोन्ही असू शकते. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून बनते. शाईचेही तसेच आहे: काही काळ्या शाईत हाडांचा कोळसा आणि काहींत लाखेच्या किड्यांपासूनचे शेलॅक वापरले जाते. प्राणिज घटक नसलेल्या शाया मिळतात, पण सुई टेकल्यावर विचारून उपयोग नाही. आठ दिवस आधी बाटलीचे नाव विचारून घ्यावे. गाळून पाणी पिणाऱ्या घरातील मुलाने एवढे विचारले, तर त्यात संकोच कसला?

अंबरनाथ पश्चिमेहून मस्जिद बंदर किंवा झवेरी बाजार गाठणाऱ्यांना रोज लोकलच्या गर्दीत दीड तास उभे राहावे लागते. ताज्या दंडावर दुसऱ्याचा घामेजलेला खांदा घासला जातो, दांडीला धरलेला हात सारखा वर राहतो. जमल्यास पहिले तीन-चार दिवस हा प्रवास टाळावा; न जमल्यास सैल सुती बाही असावी आणि घरी पोहोचताच जागा धुवावी. दुकानात कापडाचे तागे, धान्याची पोती, नोटांची पुडकी हाताळताना मनगटावरचे गोंदण काउंटरच्या कडेला घासते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. नाणी मोजलेल्या बोटांनी तर खाजवू नयेच.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळाच आहे. वालधुनी फुगली की तिचे कारखान्यांचे व गटारांचे पाणी सखल वस्त्यांत शिरते. घोट्यावर ताजे गोंदण असताना त्या पाण्यातून चालणे म्हणजे उघड्या जखमेवर ते ओतून घेणेच. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या कुंडात उतरण्याचा बेत, किंवा पोहण्याचा तलाव, तीन-चार आठवडे पुढे ढकलावा. न्हाणीघरात अंघोळ चालेल, बुडून बसणे नको. ऊनही तितकेच वर्ज्य. जागा पूर्ण भरेपर्यंत ती कपड्याने झाकावी, सनस्क्रीन त्यानंतरच.

व्रतांचा काळही पाहावा. अंगातून रक्त-स्राव वाहत असताना अंगपूजा करू नये, हा संकेत अनेक घरांत पाळला जातो. म्हणजे पर्युषणाच्या तोंडावर टॅटू काढला तर त्याच दिवसांत पूजेला मुकावे लागते. जखम भरायला प्रथिने आणि पाणी लागते. अठ्ठाई करणाऱ्याने किंवा चौविहार उपवास धरणाऱ्याने त्या आठवड्यात हे अंगावर घेऊ नये. नवकारातील अक्षरे किंवा १९७५ साली स्वीकारलेले आपले प्रतीकचिन्ह गोंदवणारे तरुणही भेटतात. पायावर, घोट्यावर ते घेतले तर आशातनेचा प्रश्न उभा राहतो, शिवाय पायाची जखम हातापेक्षा सावकाश भरते.

मधुमेह असलेल्यांनी, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि ज्यांच्या जुन्या जखमांवर गाठीसारखे व्रण उठतात त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह आपल्या दुकानदार घरांना अनोळखी नाही. सुई नवी, बंद पाकिटातून आपल्यासमोर उघडलेली हवी. शाईही छोट्या टोपणात वेगळी काढलेली हवी. हिपॅटायटिस-बी, हिपॅटायटिस-सी आणि एचआयव्ही यांपासूनचे पहिले रक्षण तेच. यांपैकी हिपॅटायटिस-बीची लस उपलब्ध आहे, ती आधी पूर्ण करून घ्यावी.

तिसऱ्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढली, लाली चित्राच्या बाहेर पसरू लागली, पिवळा पू आला, दुर्गंधी आली, ताप चढला किंवा जागेपासून वर सरकणारी लाल रेघ दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रेघ आणि ताप एकत्र असतील तर रात्र काढू नये. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय फार दूर नाही. मुलाने अमुक ठिकाणी टॅटू काढला हे डॉक्टरांपासून लपवू नये, उपचार त्यावर अवलंबून असतात. याउलट काही महिन्यांनी केवळ लाल रंगाच्याच भागावर खाज, खवले किंवा गाठी उठल्या, तर ती बहुधा शाईची ॲलर्जी असते. तिला त्वचारोगतज्ज्ञच हवा.

आणखी एक गोष्ट, जी शिबिराच्या दिवशीच कळते आणि मग हिरमोड होतो. महावीर जन्मकल्याणकाला आपल्याकडे रक्तदान शिबिरे होतात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांनुसार टॅटू काढल्यानंतर १२ महिने रक्त देता येत नाही. अर्जात हा प्रश्न असतो, त्याचे उत्तर खरेच द्यावे. शेजारी काका-मामा रांगेत उभे असले तरीही.