शिल्लक मालाची किंमत आणि आपला नफा

वाणिज्य शाखेत नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट कोड्यात टाकते. माल तोच, विक्री तीच, गल्ल्यातील रोकडही तीच. तरी नफ्याचे आकडे मात्र तीन! हे कसे घडते ते आपण एका साध्या उदाहरणाने पाहू. छोटे दुकान चालविणाऱ्या सभासदांनाही त्याचा उपयोग होईल, असे आम्हास वाटते.

समजा, शाळा सुरू होण्यापूर्वी आपण १०० वह्या २० रुपये दराने घेतल्या. पुढे भाव चढला व आणखी १०० वह्या २४ रुपये दराने घ्याव्या लागल्या. एकूण खरेदी ४,४०० रुपयांची झाली. त्यांपैकी १२० वह्या ३० रुपयांप्रमाणे विकून ३,६०० रुपये आले आणि ८० वह्या उरल्या. आता विकलेल्या वह्या कोणत्या दराच्या धरायच्या?

१) आधी आलेला माल आधी गेला (फिफो) : १०० वह्या २० रुपयांच्या व २० वह्या २४ रुपयांच्या धरल्या, तर खर्च २,४८० रुपये, नफा १,१२० रुपये व शिल्लक माल १,९२० रुपयांचा.

२) शेवटी आलेला माल आधी गेला (लिफो) : खर्च २,८०० रुपये, नफा ८०० रुपये व शिल्लक माल १,६०० रुपयांचा.

३) भारित सरासरी : सरासरी दर २२ रुपये. खर्च २,६४० रुपये, नफा ९६० रुपये व शिल्लक माल १,७६० रुपयांचा.

भाव चढत असताना पहिल्या पद्धतीने नफा जास्त दिसतो. भाव उतरत असतील तर उलट होते. म्हणून सोयीप्रमाणे दरवर्षी पद्धत बदलणे योग्य नव्हे. एकदा स्वीकारलेली पद्धत सातत्याने पाळावी व ती हिशेबात नमूद करावी. भारतीय लेखामानक २ मध्ये १९९९ साली सुधारणा झाली, तेव्हापासून त्यात लिफोला स्थान नाही. अमेरिकेत मात्र ती पद्धत आजही चालते. शिवाय शिल्लक मालाची किंमत खरेदीखर्च किंवा विकून हाती येऊ शकणारी निव्वळ रक्कम, यांपैकी जी कमी असेल तीच धरावी लागते. भिजलेल्या वह्या खरेदीच्या भावाने दाखविता येत नाहीत.

दुकानदाराने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १,१२० रुपये नफा झाला म्हणून तो सर्व घरखर्चासाठी काढून घेतला, तर विक्रीच्या पैशांतून २,४८० रुपये उरतात. पण तेवढ्याच १२० वह्या पुन्हा भरण्यास नव्या भावाने २,८८० रुपये लागतात. हे कमी पडलेले ४०० रुपये उसने काढावे लागतात, नाहीतर दुकानात माल कमी भरावा लागतो. वहीत नफा दिसत असूनही भांडवल आटते, ते असे.

तेव्हा विद्यार्थ्यांनी केवळ सूत्रे पाठ न करता शेजारच्या दुकानातील शिल्लक माल एकदा मोजून, तिन्ही पद्धतींनी हिशेब मांडून पाहावा. आणि नफा काढून घेण्यापूर्वी पुढच्या खरेदीचा भाव विचारावा, एवढेच आमचे सभासदांना सांगणे आहे.