बावीस नंबरचे इंजिन

१८५५ साली इंग्लंडातल्या लीड्स शहरातून, किटसन, थॉम्पसन आणि ह्यूइटसन यांच्या कारखान्यातून एक लहानखुरे इंजिन जहाजात चढले आणि कलकत्त्याला उतरले. ईस्ट इंडियन रेल्वेने त्याला एक आकडा दिला: २२. आज ज्या नावाने जग त्याला ओळखते ते ‘फेअरी क्वीन’ हे नाव त्याला मिळाले १८९५ मध्ये, नोकरीची चाळीस वर्षे झाल्यावर. इथे त्याला बावीस नंबरच म्हणू. उमेदीची सगळी वर्षे ते याच आकड्यावर राबले.

मराठी माणसाला रेल्वे म्हटले की १६ एप्रिल १८५३ आठवतो. बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली ती गाडी तीन इंजिनांनी ओढली होती. त्या तिन्हींपैकी एकही आज शिल्लक नाही. मग बंगालचे हे इंजिन कसे टिकले?

ईस्ट इंडियन रेल्वेची सुरुवातच अडथळ्यांची होती. डबे घेऊन येणारे जहाज हुगळीच्या मुखाशी बुडाले आणि पहिले इंजिन चुकून ऑस्ट्रेलियाला पोहोचले. अखेर ऑगस्ट १८५४ मध्ये हावडा ते हुगळी गाडी धावली आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये रूळ राणीगंजच्या कोळसा खाणींपर्यंत गेले. हावड्यापासून हे अंतर १२१ मैल. याच मार्गावर बावीस नंबरला हलक्या टपालगाड्या ओढायचे काम मिळाले.

त्याची बांधणीच अशा कामाची होती. पुढे एक जोडी चाके, मागे एक जोडी आणि मधोमध सहा फूट व्यासाची एकच चालक जोडी. पाण्याची टाकी खाली, चाकांच्या मधल्या जागेत. तिच्यात जेमतेम ३,००० लिटर पाणी मावे. वजन २६ टन, ताकद सुमारे १३० अश्वशक्ती, वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत. एवढ्या मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात इंजिन पावणेसहा मीटर पुढे जाते. म्हणजे पूर्ण वेगात चाक मिनिटाला सुमारे ११६ फेरे घेणार आणि दर फेऱ्याला धुराड्यातून वाफेचे चार फुत्कार निघणार. मोठे चाक सपाट मार्गावर पळायला उत्तम. पण इंजिनाच्या वजनाचा जेवढा वाटा त्या एका जोडीवर पडतो, तेवढीच तिची रुळावर पकड. जड गाडी जोडली किंवा रूळ ओले असले की चाक जागच्या जागी गरगरते. बोरघाटाच्या ३७ फुटांमागे १ फूट चढणीवर हे इंजिन हतबल झाले असते.

१८५७ च्या उठावात हावडा-राणीगंज मार्गानेच फौजा उत्तरेकडे गेल्या. राणीगंजपर्यंत रेल्वे आणि पुढे ग्रँड ट्रंक रोडने बैलगाड्या. मे महिन्यात हावड्याला कर्नल नीलच्या मद्रास फ्युझिलिअर्स पलटणीचे शिपाई गाडी गाठायला थोडे उशिरा पोहोचले. गाडी थांबणार नाही असे स्टेशनमास्तरने सांगताच नीलने त्याला आणि इंजिनावरच्या माणसांना पहाऱ्यात ठेवले आणि शिपाई चढेपर्यंत गाडी रोखून धरली. बावीस नंबरनेही त्या काळात सैन्याच्या गाड्या ओढल्या.

असल्या प्रसंगांची इतिहासात नोंद होते. इंजिनाचे खरे आयुष्य मात्र शेडमध्ये जाते. थंड बॉयलर तापून कामाची वाफ धरायला कित्येक तास लागतात, म्हणून सकाळच्या गाडीची आग रात्रीच पेटवावी लागे. खलाशाने, म्हणजे शेडमधल्या मजुराने, राख उपसायची, नळ्यांतली काजळी काढायची, झारी घेऊन प्रत्येक सांध्याला तेल द्यायचे. पाण्यातला गाळ आणि क्षार बॉयलरमध्ये साचून नळ्यांवर खपली धरतात, म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर रिकामा करून आतून धुवायचा. वाटेत फायरमनची एक नजर आगीवर, दुसरी पाण्याच्या पातळीच्या काचनळीवर. भट्टीचे छत पाण्याबाहेर उघडे पडले की बॉयलर फुटण्याचा धोका. टपालगाडीच्या ड्रायव्हरची जागा त्या काळी गोऱ्या किंवा अँग्लो-इंडियन माणसाला मिळे. फावडे, राख आणि तेल हिंदी माणसाच्या वाट्याला. पगारात आणि मानात हा भेद किती खोल होता, हे इंजिनांच्या कौतुकात नेहमी झाकले जाते.

मोठ्या दुरुस्तीसाठी १८६२ मध्ये बिहारमध्ये जमालपूरचा कारखाना उभा राहिला. शेजारच्या मुंगेरचे लोहार बंदुका घडवण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज होते. ते कसब रेल्वेला आयते मिळाले. १८९९ मध्ये याच कारखान्याने ‘लेडी कर्झन’ हे स्वतःचे इंजिन बांधले.

गाड्या जड होत गेल्या तसे बावीस नंबर मागे पडले. बिहारमध्ये नव्या मार्गांच्या बांधकामावर त्याची रवानगी झाली आणि १९०९ मध्ये ते निवृत्त झाले. भंगारात जाण्याऐवजी ते हावडा स्टेशनबाहेर चौथऱ्यावर चढले. ३४ वर्षे तिथे काढल्यावर १९४३ मध्ये ते चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेले आणि पुढे दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात. टिकण्याचे उत्तर कदाचित इथे सापडते. ज्यांनी घाट चढले, मालगाड्या ओढल्या, ती इंजिने झिजून वितळवली गेली. हलके काम केलेले इंजिन वेळेवर बाजूला झाले, म्हणून उरले.

जुलै १९९७ मध्ये, ८८ वर्षांनी, त्याच्यात पुन्हा वाफ भरली. त्याच वर्षी ते दिल्ली छावणी ते अलवर अशी पर्यटकांची गाडी ओढू लागले आणि १९९८ मध्ये गिनीज बुकाने जगातले सर्वांत जुने नियमित धावणारे वाफेचे इंजिन म्हणून त्याची नोंद केली. त्याचे जोडीदार, २१ नंबरचे ‘एक्स्प्रेस’, २०१० मध्ये चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात दुरुस्त झाले. अशा इंजिनांच्या माहितीत बांधणाऱ्या कंपनीचे नाव असतेच. आग पेटवणारे, नळ्या धुणारे आणि झिजलेले भाग नव्याने घडवणारे हात कोणत्या शेडमध्ये, कोणत्या हुद्द्यावर काम करत होते, तेही तिथे लिहिले गेले पाहिजे.